सुलट

माझ्या दुकानात कामाच्या टेबलावर एक पाटी आहे. 'कारागिराला शिकवू नये.' मीच रंगवलेली. लोक वाचून हसतात, त्यांना वाटतं गंमत केलीय. गंमत कसली? तीस वर्षं मी सायकली उघडतोय आणि जोडतोय, आणि रोज कोणी ना कोणी शहाणा येऊन सांगतो की हा नट जरा सैल वाटतो. लोक मला तापट म्हणतात. मी म्हणायचो, तापट नाही हो, मला चुकीचं चालत नाही, एवढंच.

धाकट्या बहिणीचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे. मी त्यांना मास्तर म्हणायचो, ते मला दादा. माणूस अगदी गरीब स्वभावाचा. सायकलचं वेड मात्र असं की रविवारी सकाळी देवाने बोलावलं असतं तरी म्हणाले असते, फेरी मारून येतो. गावाबाहेरच्या टेकडीवर तासभर चढायचं, मग जंगलातल्या मुळांवरून, जुन्या खाणीच्या दगडांवरून उतरायचं आणि नदीकाठच्या मऊ वाटेने घरी यायचं. सोबत दातांचा डॉक्टर आणि आणखी दोन-तीन हौशी.

त्यांची सायकल म्हणजे भंगार. परदेशातून परतलेल्या एका सहकाऱ्याने तिथून आणलेली आणि बदली होऊन जाताना ठेवलेली, लोखंडी, मागे शॉकअप नाही, तारेचे ब्रेक. एकदा ती घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "दादा, साखळी जरा आवाज करते." मी म्हणालो, असलं भंगार माझ्या स्टँडवर चढणार नाही, चढलं तर गिऱ्हाइकांना वाटेल मी भंगार विकतो. चार माणसांदेखत म्हणालो. मास्तर हसले, सायकल घेऊन गेले, आणि तेव्हापासून तिची सगळी देखभाल स्वतःच पुस्तकात बघून करायला लागले. दहा वर्षं. त्या दहा वर्षांत मी तिला एकदाही हात लावला नाही.

दुसरा एक प्रसंग सांगतो. मी बहिणीला एक सायकल जोडून दिली होती. मास्तर म्हणाले, हँडल केसभर डावीकडे वाटतं. वाटतं म्हणाले, आहे म्हणाले नाहीत. मी हातातला पाना आपटला आणि निघून आलो. महिनाभर फोन उचलला नाही. मधे भाचीचा वाढदिवस होता, तोही चुकवला. शेवटी मास्तरच आले, माझीच चूक म्हणाले, आणि मला चहाला घेऊन गेले. हँडल खरंच डावीकडे होतं. मी ते गुपचूप नीट केलं आणि ब्र काढला नाही.

तर अशा माणसाने यंदा ठरवलं की पन्नाशी यायच्या आत एक चांगली सायकल घ्यायची. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली. दुकानात आले ते वही घेऊन. वहीत तीन सायकलींची नावं, मापं, आणि समोर शिक्षकाच्या अक्षरात गुण-दोष. मी ती वही मिटवली.

"मास्तर, पेपर तपासायला आलाय का सायकल घ्यायला?"

त्यांना सगळ्यात मोठ्या चालीची सायकल आवडली होती, मागचं चाक एकशे सत्तर मिलिमीटर वर-खाली होणारी. मी सांगितलं, ती कड्यावरून उड्या मारणाऱ्यांची. तुम्ही तासभर चढणार, तिच्यावर चढणं म्हणजे गादी खांद्यावर घेऊन जिना चढणं. दुसरी शर्यतीची, हलकी, शंभर मिलिमीटरची. ती खाणीच्या दगडांवर तुमची हाडं मोजेल. मधली घ्या. पुढे एकशे चाळीस, मागे एकशे तीस. चढायला जड नाही, उतरायला भित्री नाही. रस्ता चार तऱ्हांचा असेल तर सायकल मधलीच हवी. मास्तरांनी वहीत मधल्या सायकलीला आधीच तारा काढलेला होता, ते मला नंतर दिसलं. पण त्यांनी मला बोलू दिलं.

सायकल आली तेव्हा मी तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. ही बढाई नाही, खरं तेच सांगतो. असली सायकल खोक्यातून काढून कोणीही विकतो, पण ती बसणाऱ्याच्या वजनावर लावावी लागते. मी मास्तरांना बूट, हेल्मेट, पाण्याने भरलेली पिशवी, सगळं घालून यायला सांगितलं. काट्यावर उभं केलं, ऐंशी किलो. मग भिंतीला हात टेकवून सायकलवर उभं केलं. मागच्या शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. माणूस बसला की शॉकअप दबतो, कडी सरकते, माणूस उतरला की मोजायचं. चाक एकशे तीस हललं तरी दांडा पन्नासच सरकतो; त्यातले पंधरा मिलिमीटर दबायला हवेत. जास्त दबला तर सायकल चिखलात बसल्यासारखी चालते, कमी दबला तर प्रत्येक दगड कमरेत येतो. अकरा भरले. हवा काढली. सतरा. हवा भरली. मास्तर चढले-उतरले बारा वेळा, एकदाही कंटाळा दाखवला नाही. पंधरा आले तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. मग पुढचा चिमटा, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकअप, तोही तसाच. मग दबलेला शॉकअप किती जोरात परत उसळतो ते लावायचं, स्क्रूचा एकेक खटका मोजून. टायरमध्ये हवा पुढे थोडी कमी, मागे थोडी जास्त.

आणि ब्रेक.

हे नीट सांगायला हवं. या सायकली कारखान्यातून येतात तेव्हा डाव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. आमच्याकडे सगळ्यांना उजव्या हाताला पुढचा लागतो, मोटरसायकलसारखा. म्हणून नवीन सायकल आली की मी पहिलं काम ते करतो. ब्रेक तेलाचे असतात, नुसती अदलाबदल होत नाही. नळ्या सोडायच्या, नवीन मापाने कापायच्या, जोडायच्या, तेल भरायचं, आतली हवा काढायची. अर्धा दिवस जातो. कारखान्याच्या पद्धतीला आम्ही दुकानात उलट म्हणतो आणि आमच्या पद्धतीला सुलट. प्रत्येक सायकलचं मी कार्ड भरतो: हवा किती, खटके किती, आणि खाली एक ओळ, 'ब्रेक – सुलट'. मास्तरांच्या कार्डावरही ती होती. मी त्यांना विचारलं नाही. यात विचारायचं काय? चपलेला विचारतो का, डावी कुठल्या पायात?

सायकल नेताना मास्तर कार्ड वाचत होते. "ब्रेकही सुलट? छान," म्हणाले. आता कळतं की त्यांनी त्याचा अर्थ 'ब्रेक ठीकठाक' असा घेतला.

एकोणिसाव्या दिवशी ते गेले. म्हणजे पडले एकोणिसाव्या दिवशी, गेले तेविसाव्या. खाणीच्या उतारावर गुडघाभर उंचीची एक दगडी पायरी आहे. मास्तर पुढे होते, दातांचा डॉक्टर मागे. वळणावर अचानक एक फिरायला आलेलं म्हातारं जोडपं समोर आलं. मास्तरांनी ब्रेक दाबला, मागचं चाक उचललं गेलं आणि ते हँडलवरून पलीकडे डोक्यावर पडले. म्हातारी माणसं वाचली. मास्तरांची मान मोडली. चार दिवस यंत्रावर होते. बहीण बाहेरच्या बाकावर बसून होती, आणि मी तिच्या शेजारी.

लोक काय, बोलतातच. या वयात कशाला असली थेरं. नवीन खेळणं मिळालं, भान सुटलं. दातांच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "वेग जास्त नव्हता हो. मला अजून कळत नाही. इतका मुरलेला माणूस उतारावर पुढचा ब्रेक असा कचकन दाबेल?" मी त्यालाच झापलं. म्हटलं, घाबरला की माणूस काहीही दाबतो, तुम्ही दात बघा.

सगळ्यात वाईट भाचीचं झालं. सतरा वर्षांची पोर. ती रडली नाही. बापाचा फोटो लावायला घेतला तर म्हणाली, आत्ता नको. एकदा माझ्यासमोर आईला म्हणाली, "बाबांना आपल्यापेक्षा हौस मोठी वाटली. सावकाश उतरता आलं नाही त्यांना?" बहीण उठून स्वयंपाकघरात गेली. मी पोरीला टोकलं नाही. तोपर्यंत मलाही तसंच वाटत होतं, मग काय बोलणार?

महिन्याने बहिणीने ती सायकल दुकानात पाठवली. बघ आणि विकून टाक म्हणाली. मी दार लावून घेतलं आणि एकेक भाग तपासला. का तपासत होतो? माझी काही चूक सापडते का ते बघायला. हँडल वाकलेलं, सीट फाटलेली, बाकी सगळं शाबूत. शॉकअपमध्ये हवा कार्डावर होती तितकीच. चिमटा सरळ. ब्रेक दाबले, दोन्ही चोख. मला सुटल्यासारखं वाटलं. घरचा माणूस गेला होता आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

आठवड्याने तिने जुनी सायकल पाठवली. ही पण दे कोणाला तरी, डोळ्यासमोर नको. दहा वर्षांनी ते भंगार माझ्या स्टँडवर चढलं. पायडल फिरवलं, मागचं चाक गरगर फिरायला लागलं. थांबवायला मी सवयीने डावा ब्रेक दाबला. मागचं चाक फिरतच राहिलं. मी म्हटलं, तार तुटली असणार, पुस्तकात बघून केलेली दुरुस्ती अशीच व्हायची. आणखी जोरात दाबला. चाक फिरतंय. मग उजवा दाबला, आणि चाक जागच्या जागी थांबलं.

मी स्टुलावर बसलो.

परदेशातून आलेली सायकल. कोणी सुलट केलीच नव्हती. मी हात लावला नव्हता ना. दहा वर्षं त्या माणसाचा उजवा हात मागचा ब्रेक ओढत आला होता. उतारावर कोणी समोर आलं की उजवा हात आवळायचा, मागचं चाक जरा घसटत थांबायचं. हात शिकतो, डोक्याला विचारत नाही. त्या दिवशीही हाताने तेच केलं. आणि त्या हाताखाली मी पुढचा ब्रेक आणून ठेवला होता. अर्धा दिवस खपून, तेल भरून, हवेचा एक बुडबुडा न ठेवता. इतका चोख की एका बोटाने चाक जाम व्हावं.

तीन दिवस मी स्वतःशी भांडलो. कार्डावर लिहिलं होतं, वाचायला नको? चालवताना पहिल्याच दिवशी कळलं असणार, मग सांगायला नको? सगळ्यांच्या सायकली तशाच करतो, आजवर कोणी मेलं का? भांडणात मी नेहमी जिंकतो, पण या वेळी समोर कोणी नव्हतं. लग्न माझ्या स्वभावात बसलं नाही. या जगात मला 'अरे दादा' म्हणणारी एकच आहे. तिला सांगितलं तर ती जाणार, हे मला दुकानाच्या दारासारखं स्वच्छ दिसत होतं. आणि नाही सांगितलं तर त्या पोरीच्या मनात बाप जन्मभर बेफिकीर राहणार. मामाने मौज करावी आणि बापाने बोलणी खावीत. नाही जमलं. चौथ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून गेलो.

बहीण जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मास्तरांनी अर्धवट तपासून ठेवलेल्या, शाळेने परत मागितल्या होत्या. तपासलेल्या एकीकडे, न तपासलेल्या एकीकडे, अशा लावत होती. भाचीच्या खोलीचं दार बंद होतं. बहिणीने चहा टाकू का विचारलं. मी नको म्हणालो. मी चहाला नको म्हणाल्यावर तिने वर बघितलं.

मी उभ्यानेच सांगितलं. जुनी सायकल स्टँडवर लावली तिथून सुरू केलं. उलट म्हणजे काय, सुलट म्हणजे काय, नळ्या कशा बदलल्या, विचारलं कसं नाही. मधे मधे थांबलो, तिने काही म्हणावं म्हणून. ती गठ्ठ्याच्या कडा जुळवत राहिली. शेवटी म्हणालो, त्यांनी वेडेपणा केला नाही गं. वेगातही नव्हते. माझ्यामुळे गेले.

तिने हातातला पेपर गठ्ठ्यावर ठेवला. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

मला वाटलं नीट ऐकलं नाही.

"पहिल्याच रविवारी आल्या आल्या म्हणाले, ब्रेक उलटे लागलेत. दाराशी थांबताना हँडलवरून पुढे पडता पडता वाचले होते. मी म्हटलं, दादाला फोन करा, उद्याच्या उद्या करून देईल. तर म्हणाले, नको."

"नको का?"

"म्हणाले, तीन दिवस खपलाय तो त्या सायकलीवर. बारा वेळा मला चढवलं-उतरवलं. आता मी जाऊन सांगू की चुकलं? परत महिनाभर बोलणार नाही, पोरीचा निकाल आहे पुढच्या महिन्यात, तेव्हा तरी मामा घरात हवा." तिचा आवाज सपाट होता. "म्हणाले, होईल सवय. कार्ड दाखवलं मला. सुलट लिहिलंय बघ म्हणाले, आणि हसले. मग रोज संध्याकाळी गल्लीत चकरा मारायचे, उजवा हात सैल सोडून. सवय करत होते. म्हणाले, आली जवळजवळ."

माझ्या डोक्यात काहीतरी चढत गेलं. मला ते चांगलं ओळखीचं आहे, कानशिलापासून सुरू होतं. एकोणीस दिवस. एका फोनचं काम. अर्ध्या दिवसाचं काम. मी रात्रभर बसून करून दिलं असतं.

"मग मला सांगितलं का नाही?" मी ओरडलो. टेबलावर हात आपटला. "तुला तोंड नव्हतं? तू सांगायचंस. तुझा नवरा ना तो?"

वरचा गठ्ठा घसरून खाली पसरला. बहीण खुर्चीत मागे सरकली होती. एक हात चेहऱ्याजवळ आलेला. मी तिला आयुष्यात कधी मारलं नाही, बोट लावलं नाही. तरी तिचा हात तिथे होता.

तिने तो हळूच खाली घेतला. "हे असं," ती म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं, दादा. त्यांनी नाही आणि मीही नाही."

मी हात टेबलावरून उचलला. कुठे ठेवायचा ते कळेना. खाली वाकून पेपर गोळा करायला लागलो. कोणीतरी नद्यांची नावं चुकीच्या ठिकाणी लिहिली होती, आणि मास्तरांनी लाल शाईने बाजूला लिहिलं होतं, 'प्रयत्न चांगला. नकाशा पुन्हा बघ.' चूक म्हणून फुलीसुद्धा मारली नव्हती. मला ते वाचवेना.

"पोरीला का नाही सांगितलंस?" मी खालूनच विचारलं. "ती त्यांना दोष देतेय."

"तिला सांगितलं असतं तर ती तुझ्याकडे आली असती, विचारायला. मग तू काय केलं असतंस, ते आत्ता बघितलंस ना?" बहीण आता रडत होती, आवाज न करता. "माझं माणूस गेलंय. भाऊ पण घालवू? मला तेवढं बळ नव्हतं रे."

म्हणजे ती माझ्यासाठी गप्प होती. मी तिला गमवायला घाबरत होतो, आणि ती महिनाभर पोरीचे बोल ऐकत मला सांभाळत होती. मला वाटलं जमीन दुभंगावी. जमीन कशाला दुभंगते? मी पेपर हातात घेऊन तिथेच उकिडवा बसून राहिलो.

आतलं दार उघडलं. माझा आवाज भिंतीपलीकडे जातोच. भाची दारात उभी होती, चौकट धरून. तिने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवून.

"बाबांचं काय?" तिने विचारलं. "काय नाही सांगितलं?"

बहिणीने मान हलवली, म्हणजे नको की सांग, मला कळलं नाही. मी उठलो, खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "तुझ्या बाबांची काही चूक नव्हती." आणि मग सगळं सांगितलं, वहीपासून. मास्तरांनी मधल्या सायकलीला आधीच तारा काढला होता तेही सांगितलं. महिनाभर फोन न उचलल्याचं, भंगार म्हटल्याचं सांगितलं. त्यांना सगळं कळलं होतं आणि माझ्या तोंडाला भिऊन त्यांनी गल्लीत चकरा मारल्या, हेही सांगितलं. भाची ओठ घट्ट मिटून ऐकत होती. एकदा तिचं तोंड उघडलं, काहीतरी विचारायचं होतं तिला. आईच्या खांद्यावरची बोटं आवळली गेली आणि तिने तोंड परत मिटलं.

मी गप्प झाल्यावरही दोघी बराच वेळ थांबल्या, माझं खरंच संपलंय का ते बघत. या घरात मी बोलत असताना मध्ये कोणी बोलत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.